उदासिनीकरणाचं उत्तर ४५ वरच अडकतं? ‘उष्णतेचा ऱ्हास’ लिहिण्याआधी हे तपासा

आम्ल आणि अल्कली मिळून एक मोल पाणी तयार होताना किती उष्णता सुटते, हे मोजण्याचा हा प्रयोग. ५० मि.लि. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मि.लि. १ मोलर कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, पुढे नुसतं ‘सोडा’) एकत्र केला, की तापमान साधारण ६.८ अंश सेल्सिअसने चढायला हवं आणि उत्तर दर मोलला ५७ किलोज्यूलच्या जवळ यायला हवं. प्रत्यक्षात गावाकडच्या ज्युनिअर कॉलेजात ४२, ४५, ४८ अशी उत्तरं येत राहतात. वहीत ‘त्रुटीचे कारण : उष्णतेचा ऱ्हास’ एवढं लिहिलं जातं, आणि पुढची बॅच पुन्हा ४५ आणते.

उष्णता बाहेर जाते हे खरं आहे. पण झाकण असलेल्या, बऱ्यापैकी गुंडाळलेल्या कपातून पहिल्या दोन मिनिटांत ती साधारण ०.३ अंशाइतकीच जाते. त्याने उत्तर अडीच-तीन किलोज्यूलने घटेल. ५७ चे ४५ झाले असतील, तर उरलेले नऊ-दहा किलोज्यूल दुसरीकडे कुठेतरी हरवलेत, आणि ती जागा शोधता येते. प्रत्येक दोष तापमानाच्या नोंदीवर आपला वेगळा ठसा ठेवून जातो. अट एकच, की नोंद ‘आधीचं तापमान’ आणि ‘नंतरचं जास्तीत जास्त तापमान’ अशी दोन आकड्यांची नको.

नोंद कशी घ्यायची

कपात ५० मि.लि. कॉस्टिक सोडा घ्या, तापमापक लावा, झाकण ठेवा आणि घड्याळ सुरू करा. पहिली चार मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. बरोबर चौथ्या मिनिटाला आम्ल एका दमात ओता. त्या क्षणी वाचन घेऊ नका, ढवळायला लागा. साडेचारपासून बाराव्या मिनिटापर्यंत पुन्हा दर अर्ध्या मिनिटाला नोंद. मग आलेखाच्या कागदावर सगळे बिंदू मांडा. उजवीकडची उतरती सरळ रेघ पट्टीने मागे चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा. ती जिथे चौथ्या मिनिटाच्या उभ्या रेषेला छेदते, ते तुमचं खरं अंतिम तापमान. पाऱ्याला वर चढायला जो वेळ लागतो तेवढ्यात जी उष्णता गेली, ती अशी परत हिशेबात येते.

एवढ्यानेच पुष्कळ ठिकाणी ४८ चे ५१ होतात. तरीही कमी पडत असेल, तर आलेखाकडे नीट बघा.

मिसळण्याआधीच रेघ तिरकी आहे

पहिली चार मिनिटं तापमान स्थिर नाही, हळूहळू उतरतंय किंवा चढतंय. याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे सकाळी बनवलेला सोडा दुपारी वापरणं. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळताना स्वतःच दर मोलला ४४ किलोज्यूलपेक्षा जास्त उष्णता सोडतो. अर्धा लिटर पाण्यात २२ ग्रॅम टाकला, तर द्रावण ११-१२ अंशांनी तापतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत ते खोलीच्या तापमानाला यायला पाच-सहा तास सहज लागतात. बाटली हाताला गार लागते, पण आत अजून दीड-दोन अंश शिल्लक असतात, आणि आपण तर साडेसहा अंशांचा फरक मोजतोय. द्रावणं आदल्या दिवशीच बनवून ठेवा.

दुसरं कारण आपल्या हवेतलं आहे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत उघड्या बीकरमधलं द्रावण खोलीपेक्षा थंड असतं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण. १ ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २४०० ज्यूल घेऊन जातं. १०० मि.लि. द्रावणातून एक दशांश ग्रॅम जरी वाफ झाली, तरी ०.६ अंश उतरले. म्हणून भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा ‘सुरुवातीचं तापमान’ म्हणून लिहू नका. प्रत्येक द्रावणात तापमापक बुडवूनच आकडा घ्या, भांड्यांवर झाकण ठेवा, आणि प्रयोग चालू असताना पंखा किंवा कूलर त्या टेबलाकडे वळवलेला नको.

यातलाच एक फसवा प्रकार असा. आम्लाचं तापमान घेतलं, तापमापक धुतला आणि ओलाच हवेत धरला. बाहेर ४० अंश आणि हवा कोरडी असेल तर त्याच्या खालच्या ओल्या फुग्याचं तापमान बघता बघता २५ च्या खाली येतं. तोच थंड तापमापक सोड्यात बुडवला, की पहिली दोन-तीन वाचनं कमी येतात आणि नंतर रेघ वर सरकते. तापमापक धुतल्यावर लगेच कापडाने टिपा आणि द्रावणात बुडवून निदान मिनिटभर थांबा.

या सगळ्यावर एक साधा उपाय आहे. एका घमेल्यात किंवा बादलीत पाणी घ्या आणि आम्लाची व सोड्याची बंद बाटली अर्धा-पाऊण तास त्यात शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही एकाच तापमानाला येतात. ते बाहेरच्या खोलीपेक्षा दोन अंश कमी असलं तरी हरकत नाही, दोन्हींचं सारखं आहे ना, हे महत्त्वाचं. तरी थोडा फरक राहिलाच, म्हणजे आम्ल २९.० आणि सोडा ३०.२, तर सरासरी २९.६ धरा. आकारमान समान असेल तरच ही साधी सरासरी चालते.

नंतरची रेघ सपाट आहे, पण सगळीच खाली आहे

तापमान चढलं, टिकलं, हळूच उतरलं. सगळं शहाण्यासारखं झालं, पण चढ पाचच अंशांचा. इथे उष्णता बाहेर गेलेली नाही, ती तयारच कमी झाली. म्हणजे द्रावण जेवढं सांगितलंय तेवढ्या तीव्रतेचं नाही. माझ्या मते या प्रयोगातला निम्म्याहून अधिक गोंधळ याच ठिकाणी असतो, आणि दोष बहुतेक वेळा सोड्याचा असतो.

कॉस्टिक सोड्याचे दाणे हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढून घेतात. श्रावणातल्या झडीत बरणी उघडली आणि कागदावर वजन करायला घेतली, तर वजन होईतो दाणे चिकट झालेले दिसतात. तुम्ही ४० ग्रॅम तोलले, त्यात सोडा ३५-३६ ग्रॅमच होता, बाकी पाणी. हे झालं पाण्याचं. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम जास्त वाईट आहे, कारण त्याने सोड्याचा कार्बोनेट होतो. हायड्रोजन आयन हायड्रॉक्साइडला भेटला, की मोलमागे ५६ किलोज्यूल मिळतात. तोच कार्बोनेटला भेटून बायकार्बोनेट झाला, तर जेमतेम १५. बरणीच्या तोंडाशी पांढरी पूड जमलेली असेल किंवा आम्ल ओतताना बारीक बुडबुडे आले, तर कार्बोनेट आहे असं समजा.

तपासणी सोपी आहे. प्रयोग संपल्यावर त्याच मिश्रणात फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाका. १ मोलर आम्ल आणि १ मोलर सोडा समान घेतल्यावर मिश्रण रंगहीन राहिलं आणि निळा लिटमस लाल झाला, तर आम्ल उरलंय, म्हणजे सोडा कमी पडला. गडद गुलाबी झालं तर आम्ल कमी पडलं. दर्शक मिश्रणातच टाका, मूळ १ मोलर सोड्याच्या बाटलीत टाकून बघू नका. तीव्र अल्कलीत फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग काही मिनिटांत उडून जातो आणि भलताच निष्कर्ष निघतो.

उपाय असा, की दोन्ही द्रावणं ‘बरोबर १ मोलर’ करायच्या मागे लागू नका. आम्ल नेमकं १.०० मोलर ठेवा आणि सोडा मुद्दाम थोडा जास्त, १.१ मोलर करा. मग किती मोल पाणी तयार झालं हे फक्त आम्लावर ठरतं. सोड्यात थोडा कार्बोनेट असला तरी हायड्रॉक्साइड भरपूर असल्याने आम्ल आधी त्यालाच भेटतं. सोडा कपात आणि आम्ल वरून, हा क्रमही याच कारणासाठी.

अर्धा-अर्धा लिटर द्रावणाचं प्रमाण :

सोडा १.१ मोलर. शुद्ध असता तर २२ ग्रॅम पुरला असता. दाण्यांची शुद्धता ९७ टक्क्यांच्या आसपास आणि वर ओल, म्हणून २३ ग्रॅम घ्या. काचेच्या वॉच ग्लासवर, झटपट तोला. ३०० मि.लि. पाण्यात विरघळवा, थंड झाल्यावर ५०० करा, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक बाटलीत ठेवा. काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवला तर बूच अडकून बसतं.

आम्ल १ मोलर. बाटलीवर ३५ टक्के लिहिलं असेल तर ते सुमारे ११.३ मोलर असतं. ४४ मि.लि. आम्ल ४०० मि.लि. पाण्यात हळूहळू सोडा आणि ५०० करा. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. उन्हाळ्यात तीव्र आम्लाची बाटली उघडताना आत दाब असतो, तोंड दूर ठेवून, कापड धरून, खिडकीजवळ उघडा. जुन्या, वारंवार उघडलेल्या बाटलीतून वायू निघून गेलेला असतो, त्यामुळे लेबलवरच्या टक्क्यांवर भरवसा नको. किराणा दुकानातलं पिवळट ‘संडास साफ करायचं ॲसिड’ तर मोजमापाच्या प्रयोगाला घेऊच नका.

नंतर टायट्रेशन करून दोन्हींची खरी तीव्रता काढा. ३.१५ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक ५०० मि.लि. पाण्यात, म्हणजे ०.०५ मोलर. आपला सोडा १० मि.लि. घेऊन १०० करा. या पातळ सोड्याच्या १० मि.लि.ला फिनॉल्फ्थॅलिन घालून ऑक्झॅलिक आम्ल ११.० मि.लि. लागलं, तर मूळ सोडा १.१० मोलर. मग आम्लही तसंच दहापट पातळ करून याच पातळ सोड्याच्या १० मि.लि.शी ताडून बघा. इथेही ११.० लागलं तर आम्ल १.०० मोलर. १०.६ लागलं तर आम्ल १.०४ आहे. ते पुन्हा पातळ करत बसण्यापेक्षा हिशेबात १.०४ वापरा.

पाण्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात किंवा जिथे बोअरचं पाणी जड आहे तिथे ते पाणी द्रावणाला वापरू नका. त्यातला बायकार्बोनेट आम्ल खातो. लिटरला ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता असेल तर १ मोलर आम्लातला एक टक्का तिथेच संपला. ०.१ मोलर द्रावणावर प्रयोग करत असाल तर दहा टक्के. सोडा अशा पाण्यात टाकला, की द्रावण दुधासारखं गढूळ होतं, तीच खूण. डिस्टिल्ड पाण्याचा संच बंद असेल तर बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, ते चालतं. ‘बॅटरीचं पाणी’ मागताना ‘बॅटरीचं ॲसिड’ हाती पडत नाही ना, एवढं लेबल वाचून घ्या. ते गंधकाम्ल असतं.

द्रावण बरोबर, तरी उत्तर ५१

आता भांड्याकडे या. २५० मि.लि.चा काचेचा बीकर साधारण १०० ग्रॅमचा असतो. काचेच्या प्रत्येक ग्रॅमला एक अंश तापायला सुमारे ०.८ ज्यूल लागतात. १०० मि.लि. द्रावण त्याचा खालचा अर्धा-अधिक भाग तापवतं, म्हणजे ४५ ज्यूलच्या आसपास दर अंशाला. द्रावणाचे ४१८ (१०० ग्रॅम × ४.१८) आणि हे ४५. सगळी उष्णता द्रावणालाच मिळाली असं धरून हिशेब केला तर ५७ ऐवजी ५१-५२ येणार. ही उष्णता खोलीत गेलेली नाही, बीकरच्या काचेत बसलीय, म्हणून आलेख मागे वाढवूनही ती सापडत नाही.

भांड्याची उष्माधारकता, म्हणजे ते एक अंश तापायला लागणारी उष्णता, मोजायला दहा मिनिटं लागतात. कपात ५० मि.लि. साधं पाणी, समजा २८.० अंश. दुसऱ्या भांड्यात ५० मि.लि. कोमट पाणी, ४४.० अंश. ओता, ढवळा, वरच्यासारखाच आलेख काढा. भांड्याने काहीच घेतलं नसतं तर ३६.० आले असते. बीकरमध्ये ३५.२ आले असं धरा. गरम पाण्याने दिली ५० × ४.१८ × ८.८ = १८३९ ज्यूल. थंड पाण्याने घेतली ५० × ४.१८ × ७.२ = १५०५ ज्यूल. फरक ३३४, भागिले ७.२, म्हणजे बीकरचे ४६ ज्यूल दर अंशाला. हलक्या गुंडाळलेल्या कपात हेच ३५.६ येतात आणि हिशेबाने २२ निघतात. हा आकडा कपावर कायमच्या शाईने लिहून ठेवा, वर्षभर उपयोगी पडतो. कोमट पाण्याचं तापमान ओतण्याच्या अगदी आधी घ्या, ते पटकन उतरतं.

पुस्तकात थर्माकोलचा कप सांगितलेला असतो. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या कप-ताटल्यांवर बंदी आहे, त्यामुळे तो शोधत फिरू नका. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला जाड थर्माकोल शाळेत कुठेतरी पडलेला असतोच, त्यात कापून बीकर बसेल असा खड्डा करा. त्याहून सोपं म्हणजे आपली रुई. रोजच्या वापराचा २०० मि.लि.चा पातळ प्लॅस्टिकचा पेला घ्या, तो मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि मधल्या दोन बोटं जागेत सरकी काढलेला कापूस सैलसर भरा. दाबून ठासू नका. उष्णता अडवते ती कापसात अडकलेली हवा, कापूस स्वतः नव्हे. कापूस ओला झाला की त्याचा उपयोग संपला, बदला. झाकणाला जाड पुठ्ठ्याची चकती, तिला दोन भोकं, एक तापमापकाला आणि एक ढवळणीला. ढवळणी तांब्याच्या तारेची नको, ती उष्णता बाहेर नेते. काचकांडी किंवा प्लॅस्टिकची काडी चालेल.

रेघ झपाट्याने उतरते

मिनिटाला ०.१५ अंशाच्या आसपास उतार ठीक आहे. ०.४-०.५ असेल तर झाकण नाही, कापूस ओला आहे, किंवा कपावर वारा येतोय. हा एकच दोष असा आहे ज्याला ‘उष्णतेचा ऱ्हास’ हे नाव शोभतं.

उलट, तापमान मिसळल्यानंतर दोन-तीन मिनिटं वरच चढत राहिलं, तर बहुधा ढवळणं कमी पडलंय किंवा तापमापक मंद आहे. आम्ल आणि अल्कलीची क्रिया क्षणात होते, ती रेंगाळत नाही. आणि बाहेर ४२ अंश, द्रावण २८ चं असेल, तर मिसळल्यानंतरही ते खोलीपेक्षा थंडच असतं. अशा वेळी उजवीकडची रेघ उतरायच्या ऐवजी चढती दिसते, कारण उष्णता बाहेरून आत येतेय. घाबरू नका, तीच रेघ मागे वाढवा, उत्तर बरोबर येतं. फक्त ‘जास्तीत जास्त तापमान’ घेणाऱ्याचं उत्तर या दिवसांत ६० च्या पुढे जातं.

तापमापक

०-११० अंशांचा, एक-एक अंशाच्या खुणांचा लाल तापमापक या प्रयोगाला पुरेसा नाही. दोन्ही वाचनांत अर्ध्या-अर्ध्या अंशाची चूक धरली तर ६.८ मध्ये एक अंश, म्हणजे १५ टक्के. शाळेत ०.१ किंवा ०.२ अंशाच्या खुणांचा एक तरी तापमापक ठेवा आणि तो याच प्रयोगाला वापरा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘चढ कमी दिसतो, मग १००-१०० मि.लि. घेऊ’ असं करून काही होत नाही. उष्णता दुप्पट झाली तशी तापवायचं पाणीही दुप्पट झालं, चढ तेवढाच. भांड्याचा वाटा तेवढा कमी होतो. चढ वाढवायचा तर तीव्रता वाढवावी लागते. २ मोलरला तो साडेतेरा अंशांच्या घरात जातो, पण मग चष्मा आणि हातमोजे यांत अजिबात सूट नको.

दोन द्रावणांना दोन वेगळे तापमापक लावू नका. एकाच खोक्यातले दोन अर्ध्या-पाऊण अंशाने वेगळे निघतात. एकच वापरला तर त्याची कायमची चूक वजाबाकीत आपोआप जाते. तपासायचा असेल तर फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात बुडवा, शून्य यायला हवं. उकळत्या पाण्यात १०० आला नाही म्हणून फेकू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९९ अंशांना उकळतं. चिखलदऱ्यात, अकराशे मीटरच्या आसपास, ९६ अंश हेच बरोबर.

लाल तापमापकाची उभी रेघ मध्येच तुटलेली आहे का, हे दर वेळी बघा. एसटीतून सामान आणताना हादऱ्यांनी ती तुटते आणि तो तापमापक दोन-चार अंश जास्तच दाखवत राहतो. बर्फ-मिठाच्या मिश्रणात फुगा बुडवला, की द्रव खाली ओढला जाऊन तुकडे पुन्हा जुळतात. मग तापमापक उभाच ठेवून हळू गरम होऊ द्या.

टिंकरिंग लॅब असेल तिथे स्टीलच्या नळीतला डीएस-१८-बी-२० हा तापमान मोजणारा सेन्सर वापरतात. चांगला आहे, ०.०६२५ अंशाचा टप्पा दाखवतो. त्याची मूळ अचूकता अर्ध्या अंशाचीच आहे, पण आपल्याला फरक मोजायचा असल्याने ते चालून जातं. पहिलंच वाचन ८५ आलं तर ते तापमान नव्हे, सेन्सरने मोजायला सुरुवात करण्याआधीचा ठरावीक आकडा आहे. एक मोजणी पूर्ण व्हायला पाऊण सेकंद लागतो, तेवढं थांबा. -१२७ आलं तर सेन्सर सापडलेला नाही. वायर सैल आहे किंवा ४.७ किलोओहमचा रोध लावायचा राहिलाय. स्टीलची नळी आम्लात भिजत ठेवू नका, हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलही खातं. आपल्या पद्धतीत नळी सोड्यात आणि शेवटच्या किंचित अल्कधर्मी मिश्रणात असते, त्यामुळे तिला धोका नाही. वायर जिथे नळीत शिरते तो जोड पाण्याच्या वर राहू द्या. लोडशेडिंगमध्ये नोंद मध्येच तुटू नये म्हणून पॉवर बँकेवर चालवा.

उत्तर अगदी निम्मं किंवा दुप्पट

२८ आलं तर भांडं, सोडा काही तपासू नका, गणित तपासा. एकतर वस्तुमान १०० ऐवजी ५० ग्रॅम धरलंय, नाहीतर आम्ल आणि सोडा दोन्हींचे मोल मिळवून ०.१ ने भागलंय. तयार झालेलं पाणी ०.०५ मोल आहे, त्यानेच भागायचं. गंधकाम्ल पूर्ण उदासीन करून ११४ च्या आसपास आलं, तर आम्लाच्या मोलने भागलंय. त्याचा एक मोल दोन मोल पाणी देतो.

एकाच नोंदीची दोन उत्तरं

घमेल्यात ठेवलेली द्रावणं, आम्ल १.०० मोलर, सोडा १.१० मोलर, कपाची उष्माधारकता २२. नोंद अशी येते :

० ते ४ मिनिटं : २९.५ स्थिर
५ : ३५.५
५.५ : ३५.६
६ : ३५.६
८ : ३५.३
१० : ३५.०
१२ : ३४.७

सर्वोच्च वाचन ३५.६ घेतलं आणि कप विसरला, तर चढ ६.१, आणि ४१८ × ६.१ ÷ ०.०५ = ५१.० किलोज्यूल. आता उतार बघा, दोन मिनिटांना ०.३. सहाव्या मिनिटापासून मागे चौथ्यापर्यंत आलं, की ३५.९. चढ ६.४. कपासकट ४४० × ६.४ ÷ ०.०५ = ५६.३. मुलांसमोर ही दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा.

ज्यांना आणखी नेमकं हवं त्यांच्यासाठी : ४.१८ हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे. तयार झालेल्या मिठाच्या पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४.०४ च्या जवळ असते आणि १०० मि.लि.चं वजन १०२ ग्रॅम. गुणाकार ४१२ येतो, म्हणून वरचं उत्तर ५५.६ होतं.

व्हिनेगर आणि अमोनिया

व्हिनेगर घेऊन कमी आलं की ‘सौम्य आम्ल आहे म्हणून’ असं लिहिलं जातं. ॲसिटिक आम्लाची उदासिनीकरण उष्णता तीव्र आम्लापेक्षा एक-दोन किलोज्यूलनेच वेगळी आहे, एक अंशाच्या खुणांवर ती दिसणंच शक्य नाही. खरं कारण असं, की बाजारातलं व्हिनेगर ४-५ टक्क्यांचं, म्हणजे ०.७ ते ०.८ मोलर असतं. टायट्रेशन करा आणि खऱ्या मोलने भागा. अमोनियाचं उत्तर मात्र खरोखरच कमी, ५२ च्या आसपास यायला हवं. ४० आलं तर बाटलीतला वायू उन्हाळ्यात उडून गेलाय.

एप्रिलमध्ये ५३ आलं तर

सगळं तपासलं, आलेख सुरेख आला, आणि तरीही ५३. खोलीचं आणि द्रावणांचं तापमान किती होतं? ५७ हा आकडा १८-२० अंशांच्या आसपासचा आहे. २५ अंशांना तो ५५.८ होतो, आणि त्याच्या वर दर अंशाला साधारण ०.२ किलोज्यूलने उतरत जातो. ४० अंशांना खरं मूल्यच ५३ च्या जवळ असतं. चंद्रपूर-अकोल्याकडे वीज नसलेल्या दुपारी द्रावणं ३८-४० वर असतील, तर ५३ आणणाऱ्या मुलाचं काहीच चुकलेलं नाही आणि ५७ आणणाऱ्याची वही पुन्हा बघायला हवी. म्हणून निष्कर्षाच्या ओळीत उत्तरासमोर सुरुवातीचं तापमान लिहायला सांगा : ‘५३.१ किलोज्यूल प्रति मोल, ३९.५ अंशांना’.